पहिले डाळ, मंग भाव

हे सगळं बुऱ्हाणपूरच्या लोधीपुऱ्यातल्या काकींमुळे झालं, एवढं आधी सांगून टाकतो. काय झालं ते मागून सांगतो. उपकार करणाऱ्याचं नाव आधी घेतल्याशिवाय मला पुढे बोलताच येत नाही. नाव म्हणजे तरी काय, काकी. अख्खी गल्ली त्यांना काकी म्हणायची. खरं नाव मी काकांच्या तोंडूनही कधी ऐकलं नाही.

काकी म्हटलं की मला त्यांची बोटं आठवतात. उकळत्या पातेल्यातून पळीवर तुरीच्या डाळीचा दाणा घ्यायचा, तो अंगठ्याखाली दाबायचा आणि डोळे मिटायचे. दाणा विरला तर नुसतं "हं." मधे कण लागला तर पळी समोरच्या माणसाच्या नाकापुढे धरायची. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. वस्तू हाताला लागल्याशिवाय ती कुणाच्या सांगण्यावर विश्वास ठेवत नाहीत.

मी कोकणातला. आमच्या संस्थानात राजांच्या मुदपाकखान्यात हाताखालचा माणूस होतो. शाळा तिसरीतच सुटली. अक्षरं ओळखू यायची, पण ती एकमेकांना धरून बसायची नाहीत. मग संस्थान विलीन झालं. गावात पेढे वाटले, मीही एक खाल्ला, आणि आठवड्याभरात मुदपाकखान्याला कुलूप लागलं. गावचा एकजण बुऱ्हाणपूरला कापसाच्या जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, कामाला होता. त्याच्या भरवशावर मी गाडीत बसलो. पोचलो तर तो जिन सोडून गेलेला, आणि कुठे गेला ते कुणाला माहीत नाही.

मी जिनाच्या फाटकाशी बसून राहिलो. मला भीती लवकर वाटते, आणि वाटली की उठवत नाही. तेवढ्यात आतून एक गृहस्थ खोकत बाहेर आले. त्यांच्या भुवया पांढऱ्या होत्या, त्या वयाने नव्हे, कापसाच्या भुग्याने. ते काका, तिथले मुनीम. त्यांनी माझी हकीकत ऐकून घेतली आणि चालत घरी नेलं. वाटेत भिंतीला हात लावून ते थांबायचे, दम घ्यायचे, पुन्हा चालायचे.

"हा कोण?" काकींनी दारातच विचारलं.

"स्वैपाक येतो त्याले."

"स्वैपाक तर मलेही येतो."

काकी माझ्याकडे वळल्या. "काय खातो तू?"

"भात," मी म्हटलं. खरं म्हणजे भात आणि मासे, पण त्या घरातला तुळशीचा आणि उदबत्तीचा वास घेऊन मासे गिळून टाकले.

"इथं ज्वारीची भाकर मिळंल. आणि एक सांगून देते, मच्छी सपनात खाल्ली तरी सकाळी अंगणात चूळ भरायची, मंग घरात यायचं."

मी ओसरीवर राहू लागलो. काही दिवसांतच मला त्या घराची काळजी कळली. डॉक्टरांनी काकांना सांगून टाकलं होतं की वर्षानुवर्षांचा कापूस छातीत बसलाय. दिवाळीनंतर जिन सुरू झाले की गावभर भुगा उडतो. त्याच्या आत यांना डोंगरावर हलवा, आणखी एक हंगाम यांना झेपणार नाही.

काकींचे तापीकाठी केळीचे दोन मळे होते. त्यांनी ठरवलं, एक विकायचा आणि चिखलदऱ्याला मकान घ्यायचं. साहेबलोक देश सोडून निघाले होते, वर बंगले विकाऊ होते. काकांनी वर राहायचं, काकींनी खाली राहून उरलेला मळा पाहायचा, कारण पोट त्याच्यावर.

"आणि यांच्याजवळ तू राहशील," त्या मला म्हणाल्या. "मकान झालं की तुझी जागा झाली."

मकान झालं नाही तर काय, ते त्या बोलल्या नाहीत. त्यांना काका दिसत होते. मला काका दिसायचे, आणि त्यांच्या मागे जिनाचं फाटक दिसायचं.

आता तिकडची एक रीत सांगायला हवी. तापीकाठी विहिरीविहिरीचं पाणी वेगळं. एका विहिरीच्या पाण्यात तुरीची डाळ लोण्यासारखी शिजते, शेजारच्या विहिरीच्या पाण्यात दुपार झाली तरी टणक. म्हणून तिकडे मळा किंवा घर घेताना तिथेच चूल मांडतात आणि तिथल्या पाण्यात डाळ शिजवून बघतात. डाळ नाही शिजली तर पाणी जड, आणि जड पाण्याच्या जागेला हात लावायचा नाही. काकींनी दोन्ही मळे असेच घेतले होते. डोंगरावरचा साहेबाचा बंगला वेगळ्या पद्धतीने घ्यायचा असतो, असं त्यांना वाटण्याचं कारणच नव्हतं. पिशवीत घरची डाळ, हातात पितळी पातेलं, आणि काकांसाठी घरच्या पाण्याचा चंबू, कारण त्यांना परकं पाणी बाधायचं.

शेजारीण ओट्यावरून म्हणाली, "काकी, मकान घ्यायले चालल्या की वरण जेवायले?"

"दोन्ही जमलं तर तुले कायले त्रास?" काकी म्हणाल्या आणि लॉरीत चढल्या.

डोईफोडिया गावावरून धारणी, मग जंगल, मग घाट. वर दलाल उभाच होता, कोट घालून. पहिला बंगला फार सुरेख होता. काचेच्या खिडक्या, गुलाब, समोर खोल दरी.

"काकी, इथून सीन पाहा."

"पाहते. चूल कुठं आहे?"

चूल नव्हती. स्वैपाकघर लांब, मागच्या अंगणात, त्याचं छप्पर पडलेलं. बैठकीत मात्र भिंतीत शेकोटीची जागा होती. "हे पाह्य, चूल बैठकीत आणि स्वैपाकघर वनवासात," काकी म्हणाल्या आणि साहेबाच्या शेकोटीतच लाकडं पेटवून पातेलं ठेवलं. दलाल भाव सांगू लागला तशी पळी वर झाली. "पहिले डाळ, मंग भाव."

मी जाळ घालत होतो आणि मनातल्या मनात आमच्या ग्रामदेवतेला नवस बोलत होतो. डाळ शिजली नाही. कण राहिला. आम्ही परत आलो.

पुढच्या खेपेला दुसरा बंगला. वेगळी विहीर, पाणी गार, पिऊन पाहिलं तर गोड. डाळ तशीच. काकींनी कपाळाला हात लावला. "डोंगर एवढा मोठा अन् एक विहीर धड नाही." काका दोन्ही वेळा व्हरांड्यात खुर्ची टाकून बसून होते. चूल, विहीर, दलाल, काकी यांच्या गडबडीत त्यांच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. माझंही नव्हतं, हे लिहिताना वाईट वाटतं.

उन्हाळा सरत आला. मधल्या काळात तो गुलाबांचा बंगला नागपूरच्या कुणीतरी घेतला, दुसराही विकला गेला. दलालाकडे आता एकच घर उरलं होतं. लहान, कौलं सरकलेली, पण भिंती जाड. तिथेही मी डाळ चढवली. काकी खोल्या बघून आल्या, दाणा दाबला, आणि तो चक्क विरला. माझ्या जिवात जीव आला. काकींनी मात्र बोट जिभेला लावलं आणि दलालाकडे बघितलं.

"सोडा कोणी टाकला?"

दलाल डोंगराकडे बघू लागला.

"डाळीले दारू पाजली तुम्ही. अशी कोणतीही शिजंल." त्यांनी पातेलं अंगणात उपडं केलं आणि घासून पुन्हा माझ्या हातात दिलं. "नवी डाळ घाल. पाणी काढा हो तुम्ही, एवढं तरी खरं करा."

दलाल इतका गडबडला होता की त्याच्या हातून दोरासकट बादली विहिरीत गेली. गळ शोधायला तो गावात पळाला. चूल पेटलेली, डाळ धुवायची राहिलेली. शेवटी काकी म्हणाल्या, "चंबूतलं घे. तोवर निदान आच पडू नको देऊ."

म्हणजे घरचं पाणी. लोधीपुऱ्याच्या घरातलं, ज्याच्यात मी रोज डाळ शिजवायचो आणि ती रोज विरघळायची. दलाल परत आला, बादली निघाली, दुपार कलली, तरी पातेल्यात दाणे गोल ते गोलच. काकींनी एक दाबला. मग दुसरा. मग चंबू उचलून त्याच्या तळाशी उरलेलं पाणी प्यायल्या, जणू ते बदललं की काय ते बघायला.

"हे तर आपलं पाणी आहे," त्या हळूच म्हणाल्या.

उंचावर पाणी लवकर उकळतं पण तितकं तापत नाही, म्हणून तिथे सगळ्यांचीच डाळ उशिरा शिजते, हे मला पुष्कळ वर्षांनी इथल्या शाळेच्या मास्तरांनी समजावलं. त्या दिवशी आम्हाला एवढंच कळलं की विहिरींचा काही दोष नव्हता. दोन चांगली घरं आपण उगाच नाकारली.

काकी पळी घेऊन तशाच उभ्या राहिल्या. मग व्हरांड्याकडे वळल्या. काका खुर्चीत बसून दाढीच्या खुंटांवरून हात फिरवत होते.

"अहो, सकाळपासून तुमचा खोकला ऐकला नाही मी."

"नाही आला."

"मागच्या बंगल्यात?"

"तिथंही नव्हता. पहिल्या बंगल्यातही नव्हता."

"मंग बोलले का नाही?"

"तू डाळ पाहत होती," काका म्हणाले.

त्यात टोमणा नव्हता. इतकी वर्षं घरातला प्रत्येक व्यवहार काकींच्या बोटांनी ठरत आला होता, आणि आपल्या श्वासाचाही तसाच ठरेल, असं त्या माणसाने धरून ठेवलं होतं. काकींनी पदराने डोळे पुसले नाहीत, पळी पुसली. मग पातेलं उतरवलं आणि ती टणक डाळ सगळ्यांना वाढली, दलालालाही.

"चावून खा," मला म्हणाल्या. "इथं अशीच मिळंल." आणि दलालाला, "हं, आता भाव सांगा."

घर झालं. जिन सुरू व्हायच्या आत आम्ही वर आलो. काका त्या घरात आणखी सहा हंगाम जगले. संध्याकाळी ते मला कोळशाने फळीवर लिहायला बसवत. माझी वेलांटी डावीकडे पडायची, ते म्हणत, "सरळ कर, नाहीतर काकी पळी घेऊन येईल." आज हे लिहितो आहे ते त्यांच्या त्या फळीमुळे.

काकी महिन्याकाठी लॉरीतून यायच्या, केळीचे घड घेऊन. काकांच्या स्वेटरवरून भांडायच्या, माझ्या भाकरी जाड म्हणायच्या, आणि तिसऱ्या दिवशी निघायच्या. "मी नसले की मळ्यातले माणसं बसून राहतात."

काका एका सकाळी गेले. काकी लॉरीतून उतरल्या आणि पिशवीही खाली न ठेवता त्यांनी विचारलं, "दम लागला होता का?"

"नाही काकी."

"पक्कं सांग."

"पक्कं. चहा पीत होते. अर्धा प्यायले."

मग त्या पायरीवर बसल्या.

तेराव्यानंतर दलाल गिऱ्हाईक घेऊन आला. मी आतल्या खोलीत माझी ट्रंक आवरायला घेतली होती. बाहेर काकींचा आवाज आला, "विकायचं नाही." मग दारात येऊन त्यांनी ट्रंकेकडे पाहिलं. "हे काय चाललं? तुझी जागा झाली म्हटलं होतं ना? झाली म्हणजे झाली." पुढच्या वर्षी तुकईथड गावची एक मुलगी पाहून माझं लग्नही त्यांनीच लावून दिलं.

मग राज्यांच्या हद्दी बदलल्या. हे घर मुंबई राज्यात गेलं, काकी आणि मळा मध्य प्रदेशात राहिले. "या राज्यातून त्या राज्यात केळी धाडते मी," त्या म्हणायच्या, "एखाद्या राणीसारखी."

गेल्या हंगामापासून केळी येतात, काकी येत नाहीत. लॉरीचा ड्रायव्हर म्हणाला, "पदर तोंडाले लावून घड चढवून घेत होत्या. दोन शब्द बोलल्या की थांबतात. मी म्हटलं, काकी, दवाखान्यात चला. तर म्हणे, धूळ आहे रे, दुसरं काय."

मी निरोप पाठवला, वर या. उलटा निरोप आला, मळा कोण पाहील?

तर मी पाहीन. दिवाळी व्हायच्या आत मी खाली जाणार आहे. भात खाणाऱ्याला केळीतलं काय कळतं, असं त्या म्हणतील. म्हणू देत, शिकेन. काकींनी वर यायचं, माझी बायको इथे त्यांच्याजवळ राहील आणि लोधीपुऱ्याच्या ओसरीवर मी राहीन. पुन्हा परकं गाव, पुन्हा जिनाचं फाटक. मला भीती वाटते, खोटं कशाला बोलू. मी मळा हाती घेतला तरी त्या पहिल्या बोलावण्याला वर येणार नाहीत, दुसऱ्यालाही बहुतेक नाहीत. पण काकी, तुम्ही मला जागा दिलीत. एक दिवस मी ती तुम्हाला देईनच.