डायवरचा पगार

चहाला बसण्याआधी शेषराव स्वतःच्या ट्रकच्या डिझेल टाकीत काठी बुडवून बघायचे, आणि चहा पिऊन उठले की पुन्हा बुडवायचे. ट्रक डोळ्यांसमोर, टाकीला कुलूप, किल्ली कमरेच्या करदोट्याला, तरीही. जुन्या जालन्यातल्या आमच्या ट्रान्सपोर्ट ऑफिसात सगळ्यांना याचं हसू यायचं. मी तिथं हिशेब लिहितो. एकदा न राहवून विचारलंच, तर म्हणाले, "साहेब, अठरा वर्षं सेठच्या गाडीतलं डिझेल इकलं मी. डायवर काय चीज हाय, मला बराबर ठाऊक हाय."

"अहो, पण या गाडीचे ड्रायव्हर तुम्हीच ना?"

"म्हणून तं डर हाय!"

वाटूरचा हा माणूस पन्नाशीत मालक झाला. परतूरचा प्लॉट विकला, वर फायनान्स कंपनीचं कर्ज काढलं आणि जुना दहाचाकी ट्रक घेतला. इथून लोखंडी सळया भरून हैदराबादला जायचं, येताना मिळेल तो माल आणायचा. वजन दोन काट्यांवर करायचे. पंपावर नळी झटकून शेवटचा थेंब पाडून घ्यायचे. मी पावती दिली की ती उलटी करून मागची कोरी बाजूही निरखायचे. मला याचा राग यायचा. मी इमानानं लिहिलेला कागद हा माणूस खोट्या नोटेसारखा उजेडात धरतो, म्हणजे काय! पण चहाचे पैसे त्यांनी मला एकदाही देऊ दिले नाहीत, हेही खरं.

स्वतःबद्दल ते दोन माणसं असल्यासारखं बोलत. "डायवरला हैदराबादेत लॉजवर झोपायचं होतं. मालक म्हणला, केबिनमधी झोप." किंवा, "डायवरनं ढाब्यावर दुसरं ताट मागितलं. मालकानं एकाचंच बिल दिलं." आम्ही हसायचो. तेही हसायचे, पण दुसरं ताट खरंच आलेलं नसायचं.

दोन वर्षं अशीच गेली. मग एकदम सहा टायर बदलायची वेळ आली आणि शेषरावांच्या हातात काही नव्हतं. त्यात हप्ताही थकला. आणखी एक थकला तर गाडी ओढून नेऊ, असं कंपनीनं कळवलं. ते तडक माझ्या टेबलापाशी आले. "साहेब, कुणीतरी खाऊन राह्यलं. गाडी एक दिवस उभी न्हाई, मंग पैसा जातो कुठं? सगळं काढा. तुमचंबी काढा."

तुमचंबी! तरी मी काढलं. चार दुपारी बसून वर्षभराच्या पावत्या लावल्या. महिन्याला भाडं दोन लाखांच्या आसपास. त्यातले निम्म्याहून जास्त डिझेलला, मग टोल, मग चौतीस हजार हप्ता, मग विमा, टॅक्स, दुरुस्ती. हातात राहत होते एकवीस-बावीस हजार. त्यावर घर चालत होतं, आणि टायरसाठी बाजूला काहीच पडत नव्हतं. चोर कुठंच सापडला नाही. एक रकाना मात्र रिकामा होता.

"शेषराव, ड्रायव्हरचा पगार कुठंय?"

"डायवर मीच तं हाय."

"सेठ किती द्यायचे?"

"एकवीस. वर भत्ता."

मी एकवीस हजार लिहिले आणि वजा केले. खाली काही उरलं नाही. शेषरावांनी तो कागद उलटा करून मागची बाजूही निरखली. मग हळूच म्हणाले, "म्हंजे मालकानंच डायवरला लुटलं." त्या दिवशी चहा तसाच राहिला. मला फार वाईट वाटलं.

पंधरा दिवसांत त्यांनी गाडी विकली. कुणाला, ते मला कळलं तेव्हा ती आमच्याच आवारात उभी होती. आमच्या मालकांनी घेतली होती, तीही चांगलाच भाव पाडून. आणि मला आठवलं. हिशेबाच्या त्या दिवसांत मालकांनी जाता जाता विचारलं होतं, "शेषरावचं काय चाललंय?" मी सहज बोलून गेलो होतो, "टायरला पैसे नाहीत हो, हप्ताही थकलाय." माझ्या मनात काही नव्हतं. पण भाव पाडायला तेवढं पुरेसं होतं.

कागदांवर सह्या करायला शेषराव आले. मी खुर्ची पुढे केली, ते बसले नाहीत.

"साहेब, तुमचा हिशेब मी दोन जागी दाखवला. बिलकुल बराबर हाय." मग थांबून म्हणाले, "तुमचं कमिशन तेवढं लिवायचं राह्यलं त्यात."

"शेषराव, शपथेवर सांगतो, एक रुपया घेतला असेल तर..."

"रुपयाचं ऱ्हाऊ द्या. टायरचं तुमच्या सेठला कुणी सांगितलं?"

आयुष्यभर ज्याच्या त्याच्यावर संशय घेतलेल्या या माणसानं मला पहिल्यांदाच सरळ प्रश्न विचारला होता, आणि उत्तर खरं द्यायचं तर एकच होतं. मी मान खाली घातली. ते पायऱ्या उतरून गेले.