ग्लू वाळेपर्यंत

लाकूडकामाच्या वर्गात अर्धा वेळ ग्लू वाळायची वाट बघण्यात जातो. हात लावायचा नसतो, मग बोलणं होतं, आणि किस्से साठत जातात. लीड्समधला आमचा फर्निचरचा सर्टिफिकेट कोर्स संपताना माझ्याकडे टूल्सपेक्षा किस्सेच जास्त होते.

माझा नवरा अनिल गेल्यावर दीड वर्षाने मी या कोर्सला नाव घातलं, हॉस्पिटलच्या रिसेप्शनवरची नोकरी सोडून. पास झाले तरच पुढच्या लेव्हलला जागा. त्यामुळे वर्षभर हसतानाही परीक्षा डोक्यात असायची.

*

आमचा शिक्षक ग्रॅहम. त्याचा नियम असा, की लाकडाचा जो भाग कापून टाकायचा त्यावर आधी पेन्सिलने रेघोट्या मारायच्या, म्हणजे करवत चुकीच्या बाजूला जात नाही. पहिल्या टेस्टला मी इतकी घाबरले, की खुणेच्या दोन्ही बाजूंना रेघोट्या मारल्या!

ग्रॅहमने फळी उचलून शांतपणे पाहिली आणि इथे सगळ्यांनाच म्हणतात तसं लव्ह म्हणत विचारलं, “राइट, लव्ह. म्हणजे आपण फक्त खूण ठेवतोय?”

*

ग्लू लावला की दहा मिनिटं कोणी बोलत नाही. तेवढ्यात सगळे सांधे बसवून क्लॅम्प आवळायचे. माझ्या शेजारची कॅथ, साठीची रिटायर्ड नर्स, एकदा वाकून क्लॅम्प आवळत होती. त्यात तिची वेणीच अडकली!

क्लॅम्प सोडला तर सांधा उघडणार. वेणी कापायला ती तयार नाही. तासभर स्टुलाला डोकं टेकून बसली. सँडविच मी भरवलं.

ग्रॅहम हजेरी घेत म्हणाला, “कॅथ, तुला आज लवकर निघायचं होतं ना?”

*

आता आम्हाला कुठेही नीट बसता येत नाही. एका कॅफेत आम्ही दोघींनी खुर्ची उलटी करून खालून पाहिली. वेट्रेस धावत आली, “काही झालं का?”

कॅथ हळूच म्हणाली, “सांधे नाहीत गं. नुसते स्क्रू मारलेत.”

इतक्या दुःखाने म्हणाली, की ती पोरगी “आय ॲम सो सॉरी” म्हणून गेली!

*

शेवटच्या परीक्षेत एका ठरावीक माणसाच्या मापाची खुर्ची करायची होती. तो माणूस म्हणजे तुमचा क्लायंट. मी फॉर्मवर अनिलचं नाव लिहिलं. मापं कपाटातल्या त्याच्या पँट-शर्टांवरून घेतली. अनिल आता नाही, हे ग्रॅहमला माहीत होतं.

बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंनी सांधे पाहिले, मान डोलावली. मग फॉर्मवर बोट ठेवलं. “क्लायंटचा अभिप्राय कोरा आहे. त्याशिवाय मला पास करता येणार नाही.”

मी खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला. “त्याला येता येणार नाही.”

“मग फोन करा ना. मी थांबते.”

ग्रॅहम पुढे झाला. मी मानेनेच नको म्हटलं. फोन घेऊन कॉरिडॉरमध्ये गेले, फळ्यांच्या रॅकशेजारी दोन-तीन मिनिटं उभी राहिले आणि परत आले.

“काय म्हणाले?” बाईंनी पेन उघडलं.

“पाठ छान टेकते म्हणाला. पण खुर्चीचे हात अर्धा इंच खाली हवे होते.”

बाईंनी शब्द न शब्द लिहून घेतला. पासच्या चौकटीत खूण केली, खाली सही केली. “प्रामाणिक दिसतायत,” त्या म्हणाल्या. “बाकीचे सगळे नुसतं छान म्हणतात.”

त्या गेल्या. ग्रॅहमने कानावरची पेन्सिल काढली आणि खुर्चीच्या दोन्ही हातांवर, बरोबर अर्धा इंच खाली, बारीक खूण केली.