मावशीने पिंजरा धुतला

पेंटरने पिंजऱ्यावरची चादर ओढली आणि आतून काळ्या डोळ्यांच्या दोन जोड्या मावशीकडे वळल्या. मावशीच्या हातातला कप पडला नाही, एवढंच. ती मागे सरकत सरकत दाराला पाठ लावून उभी राहिली.

"उंदीर आणलेस?"

"उंदीर नाहीत गं, ताई. डेगू म्हणतात यांना. कुठल्यातरी लांबच्या डोंगरातले असतात."

"मिशा आहेत, शेपूट आहे, दात पिवळेजर्द आहेत. उंदीर नाहीत तर काय माझे मामा आहेत?"

"दात नारिंगी असले म्हणजे तब्येत चांगली. पांढरे पडले की काळजी करायची," पेंटर म्हणाला. त्याचं सगळं लक्ष पिंजऱ्याकडे होतं. "आणि शेपूट बघ तरी. टोकाला झुपका आहे. जन्मतःच हातात ब्रश घेऊन आलेत माझ्यासारखे."

पेंटर हा तिचा धाकटा भाऊ. दुकानांच्या पाट्या रंगवायचा. अनाथ जनावरांच्या एका निवाऱ्याची पाटी रंगवायला गेला आणि परत येताना या दोन बहिणींना घेऊन आला. कोणीतरी घर बदलताना त्यांना तिथे सोडून गेलं होतं. एक अंगाने भरलेली, ती मोठी. दुसरी लुकडी आणि चपळ, ती धाकटी. खरी नावं नंतर ठरवायची होती, पण ठरेपर्यंत हीच चिकटली.

आता मावशीबद्दल. ती काही कोणाची सख्खी मावशी नव्हती. हॉस्पिटलात ऑपरेशन थिएटरची सफाई करायची, म्हणून मोठ्या सर्जनपासून वॉर्डबॉयपर्यंत सगळ्यांची मावशी. आई गेली तेव्हा पेंटर शाळेत होता. त्याला तिने वाढवलं. लग्नाचं राहून गेलं. ते ती अशा सुरात सांगायची, जसं वाळत घातलेले कपडे आत आणायचे राहून जातात. स्वभावाने मुळात भित्री. गॅस बंद केला की नाही हे बघायला जिन्यावरून परत यायची. भाऊ शिडीवर चढला असेल या विचाराने कामावरून त्याला दोनदा फोन करायची. आणि उंदरांची तर विशेष धास्ती. लहानपणी झोपेत एकाने तिची टाच कुरतडली होती.

पण या भित्रेपणामुळेच तिला थिएटरचं काम मानवलं. जिथे दुसरी बाई एकदा फडकं फिरवायची तिथे ही तीनदा फिरवायची. टेबलाखालचा कोपरा, चाकांच्या खाचा, दिव्याची दांडी, कुठेही जुनं काही शिल्लक राहिलं तर माणूस दगावू शकतो, हे तिच्या हाडीमाशी खिळलेलं होतं. साध्या जखमा चिघळून माणसं गेलेली तिने पाहिली होती.

पेंटरने पिंजरा मात्र झकास केला. एका बंद पडलेल्या दुकानाची उंच लोखंडी मांडणी आणून तिला चारी बाजूंनी बारीक जाळी ठोकली. आत तीन मजले. जाळीवर सतत उभं राहून यांचे तळपाय दुखावतात म्हणून प्रत्येक मजल्यावर लाकडी फळी. तळाला लाकडाच्या भुश्याचा जाड थर, त्यावर सुकं गवत, लपायला आडवी ठेवलेली मातीची कुंडी, पळायला मोठं पत्र्याचं चाक आणि लोळून अंग साफ करायला परातीत बारीक वाळू. प्लॅस्टिकचं काही ठेवायचं नाही, कुरतडून गिळतात. ऊन सोसत नाही, म्हणून पिंजरा खिडकीपासून लांब, आतल्या भिंतीला. ती आतली भिंत नेमकी मावशीच्या खोलीची होती. दिवसभर पलीकडून चाकाची घरघर यायची आणि मावशी आपली पावलं पलंगावर घेऊन बसायची.

एक दिवस तिची कायमची भीती खरी झाली. पेंटर शिडीवरून पडला. मनगटाचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, टाके पडले. घरी आला तो हात गळ्यात अडकवून. आणि पहिल्याच दिवशी त्या हातासकट पिंजऱ्यापुढे जाऊन बसला.

"उठ तिथून!" मावशी ओरडली. "टाके ओले आहेत तुझे. त्या घाणीत बसतोस?"

"घाण कसली? रोज ओलं झालेलं तेवढं काढतो मी. आता तुलाच काढावं लागेल, ताई. फळ्या पुसायच्या, व्हिनेगर पाण्यात घालून. मग कोरड्या करायच्या. आणि आठवड्याने भुसा बदलायचा."

"मी? मी हात घालू आत?"

"मग कोण घालणार? आणि हे बघ, सगळा भुसा एकदम काढायचा नाही. मूठभर जुना नव्यात मिसळायचा. निवाऱ्यातल्या बाईने बजावलंय."

"जुना? मुताचा?"

"त्यांचा वास त्यांना लागतो गं."

मावशी भावाच्या बँडेजकडे बघत राहिली. एका खोलीत उघडी जखम आणि त्याच खोलीत मुरलेली घाण, आणि ती म्हणे मुद्दाम ठेवायची. त्या निवाऱ्यातल्या बाईने चिघळलेला हात कधी पाहिला नसणार. मावशीने पाहिला होता. पेंटर सोडून तिला कोणी नव्हतं.

पेंटर टाके दाखवायला गेला त्या सकाळी ती घरी राहिली. तो जिना उतरला तशी तिने दार लावून घेतलं, कोपरापर्यंतचे जाड रबरी मोजे चढवले, तोंडाला मास्क बांधला. पिंजऱ्याची कडी तिसऱ्या प्रयत्नात सरकली. नशिबाने दोघी कुंडीत शिरल्या होत्या. तिने कुंडीच्या तोंडावर ताटली दाबली, श्वास रोखून कुंडी उचलली आणि कपड्यांच्या खोल टबात नेऊन ठेवली. आतून नखांची खरखर थेट तिच्या दातांत शिरली.

मग मात्र ती कामाला लागली आणि भीती थोडी मागे हटली. भुसा, गवत सगळं पिशवीत भरून गाठ मारली. परातीतली वाळू फेकली. फळ्या, चाक, जाळीची एकेक चौकट ब्लीचने घासली, मग जंतुनाशकाने, मग गरम पाण्याने. टबातल्या दोघींना खोक्यात ढकलून कुंडीसुद्धा उकळत्या पाण्यातून काढली. सगळं कोरडं करून नवा भुसा पसरला. पिंजरा थिएटरसारखा चकाकत होता. तिला बरं वाटलं. खोकं पिंजऱ्याच्या दाराला लावून तिने दोघींना आत सोडलं.

दोघी आत गेल्या आणि थबकल्या. हुंगत हुंगत इकडून तिकडे फिरल्या. मोठीने धाकटीला हुंगलं. कुठेही ओळखीचा वास उरलेला नव्हता. मोठीच्या दातांचा कटकट आवाज सुरू झाला. दोघी मागच्या पायांवर उभ्या राहिल्या, समोरासमोर, आणि एकदम एकमेकींवर तुटून पडल्या.

इतक्याशा जिवांच्या गळ्यातून तसा आवाज निघू शकतो हे मावशीला ठाऊक नव्हतं. चाक आडवं झालं, भुसा उडाला, जाळीवर रक्ताचे बारीक ठिपके उमटले. "अगं नको! अगं बहिणी आहात ना!" ती किंचाळली. तिने जाळी बडवली, फडकं झटकलं. कोणी ऐकेना. धाकटी खाली दबली होती आणि मोठीचे दात तिच्या कानात होते. मावशीने डोळे मिटून दारातून हात घातला आणि जे सापडलं ते पकडून ओढलं.

सापडलं होतं धाकटीचं शेपूट. ओढलं तशी धाकटी पुढे निसटली आणि मावशीच्या मुठीत नुसतं कातडं राहिलं. झुपक्यासकट. मोज्यासारखं उतरलेलं.

आयुष्यभर रक्त पुसलेली ती बाई भिंतीला धरून खाली बसली. धाकटी वरच्या फळीवर पळाली होती. तिच्या मागे लालबुंद ओली काडी लोंबत होती. मोठी खाली दात वाजवत फिरत होती. ती वर चढली तर? या विचाराने मावशी उठली. दोघींच्या मध्ये सुपली धरून तिने धाकटीला खोक्यात घेतलं. कसं घेतलं हे तिला नंतर कधीच आठवलं नाही. खोकं मांडीवर धरून ती जमिनीवर बसली. खोक्याच्या पुठ्ठ्यातून आतली थरथर तिच्या मांडीला जाणवत होती. मेली तर? मेली तर त्याला काय सांगायचं? आपोआप झालं म्हणावं. चाकात अडकलं म्हणावं. ते कातडं कचऱ्यात टाकलं तर त्याला कुठे कळणार आहे? मुठीतलं कातडं मात्र तिने टाकलं नव्हतं. मूठ उघडतच नव्हती.

जिन्यावर पेंटरची पावलं वाजली.

"ताई, दार लावून काय करतेस? टाके छान आहेत म्हणाले डॉक्टर." तो आत आला. ब्लीचच्या वासाने त्याने नाक वर केलं, मग पिंजरा बघितला, मग तिला. तिने मूठ पुढे केली.

पेंटर चिडला असता तर तिला सोसलं असतं. त्याने एका हाताने खोक्याचं झाकण वर केलं, आत बघितलं आणि पांढरा पडला. "चप्पल घाल," एवढंच म्हणाला.

टॅक्सीत तो खिडकीबाहेर बघत होता. मावशी खोक्यावर दोन्ही हात ठेवून बसली होती. प्रत्येक खड्ड्याला तिच्या घशातून "हळू हो, हळू" निघत होतं. आतली हालचाल थांबली की तिचा श्वास थांबायचा.

जनावरांची डॉक्टरीण तरुण होती आणि बोलायला मोकळी. तिने धाकटीला टॉवेलमध्ये धरलं, शेपूट बघितलं, कान बघितला.

"शेपटीला धरलं ना कोणी?"

"मी," मावशी म्हणाली. "मीच धरलं. सगळं धुतलं पण मीच. हा नको म्हणत होता."

"शत्रूने पकडलं तर कातडं सोडून पळता यावं म्हणून यांची शेपटी तशीच असते, मावशी. कातडं परत येत नाही. उघडा भाग वाळेल आणि गळून पडेल, किंवा तीच कुरतडून टाकेल. घाबरू नका तेव्हा."

"घाबरू नका म्हणता?" मावशीच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. "सकाळपासून दुसरं काय करतेय मी?"

डॉक्टरिणीने दुखण्याचं औषध दिलं. दोघींना मध्ये जाळी घालून वेगळं ठेवायला सांगितलं. एकीच्या बाजूचं गवत आणि वाळू रोज दुसरीकडे टाकायची, म्हणजे वास पुन्हा एक होतो. ब्लीचचं नाव काढायचं नाही.

घरी आल्यावर पेंटरने पहिल्यांदा नीट तोंड उघडलं. "तू माझ्या हातासाठी केलंस ना?"

"तुला काही झालं तर मी कुठे जाऊ?"

"मला काय होतंय." त्याने बँडेजवरचा एक सुटा धागा ओढला. "पण सांगायला हवं होतंस. भांडलो असतो."

नंतरचे दिवस मावशीने जीव मुठीत धरून काढले. कामावर निघताना आणि कामावरून आल्यावर पहिली नजर धाकटीच्या शेपटीवर. वास येतोय का, पाणी सुटतंय का, पू धरतोय का. काडी काळी पडली, सुकली आणि एका सकाळी भुश्यात तुटून पडलेली दिसली. मावशीने इतकी मोठी हाक मारली की पेंटर अर्धी दाढी करून धावत आला. धाकटी मात्र गवताची काडी दोन्ही हातांत धरून मजेत चावत बसली होती.

जाळीपलीकडे मोठीचं दात वाजवणं कमी होत गेलं. वाळू इकडची तिकडे करायचं काम मावशीने एक दिवस चुकवलं नाही. पुढे दोघी जाळीला लागून, एक या बाजूला, एक त्या बाजूला, अंगाला अंग चिकटवून झोपायला लागल्या. तेव्हा पेंटर म्हणाला, आता एकत्र सोडून बघू.

त्यांनी न्हाणीघर निवडलं, कारण ती जागा दोघींपैकी कोणाचीच नव्हती. कोरड्या फरशीवर मधोमध वाळूची परात. मावशी हातात सुपली घेऊन, पेंटर टॉवेल घेऊन. मोठी पुढे आली. धाकटी उभी राहिली. कटकट असा आवाज आला आणि मावशीने पेंटरच्या बऱ्या हाताचा दंड इतका दाबला की तो कळवळला.

"थांब, ताई. थांब जरा."

"चावेल ती!"

"थांब म्हणतो ना."

मोठीने नाक धाकटीच्या कानाला लावलं, जिथे तिनेच चावलेलं होतं. मग मानेला. मग तिथले केस दातांनी हळूहळू विंचरायला लागली. धाकटीने मान वाकडी केली. थोड्या वेळाने दोघी एकाच परातीत लोळत होत्या आणि न्हाणीघरभर वाळू उडत होती. मावशी सुपली तशीच उगारून उभी होती. पेंटरने ती तिच्या हातातून काढून घेतली.

पिंजरा आता मावशीच साफ करते. पेंटरचा हात बरा झाला तरी तिने ते काम परत दिलं नाही. त्याच्यावर भरवसा नाही म्हणते. ओला भुसा काढते, फळ्या व्हिनेगरने पुसते, सुकवते. जुन्यातला मूठभर बाजूला काढून नव्यात मिसळते, आणि त्या वेळी तोंड असं करते की पेंटर हसू आवरायला दुसऱ्या खोलीत जातो. भीती गेलेली नाही. परवा दार उघडं असताना धाकटी सरळ तिच्या मोज्यावरून बाहीत शिरली आणि खांद्यापर्यंत चढली.

"काढ हिला," मावशी ओठ न हलवता म्हणाली. "आधी काढ हिला."

"कुठे धरून काढू? शेपूट तर राहिलं नाही."

"मेल्या, चेष्टा सुचतेय तुला!"

"हलू नकोस, ताई. उतरेल तिची ती."

मावशी हलली नाही. कपाळावरून घाम ओघळला तो पुसायलाही हात उचलला नाही. धाकटी तिच्या मानेपाशी बसली, मिशा हलवत कानाच्या पाळीचा वास घेतला, तिथेच बसून तोंड धुतलं, आणि बऱ्याच वेळाने, आली तशी, दंडावरून खाली निघाली.