आईने मांडलेली वेगळी चूल

मंडळी, आज सकाळचीच गोष्ट सांगतो. गेले काही महिने मला सारखी तहान लागते आणि अंगरखे सैल होत चाललेत, म्हणून कल्याणहून ठाण्याच्या डॉक्टरांकडे गेलो होतो. त्यांनी लघवी तपासली आणि म्हणाले, "मधुमेह आहे. भात, गूळ, साखर बंद. मांस आणि अंडी सुरू करा."

"आमच्या घरात ते चालत नाही," मी म्हणालो.

"मग दूध, पालेभाज्या, बदाम यांवर राहून बघा. पण वजन आणखी उतरलं, तर जिवाला धोका आहे; मग पुन्हा हेच सांगेन."

घरी येऊन आईला सगळं सांगितलं. आमची आई कांदा-लसूणसुद्धा घरात येऊ देत नाही. ती उठून परसात गेली आणि विटा मांडू लागली.

"हे काय गं, आई?"

"वेगळी चूल. अंडी मीच उकडून देईन तुला."

"तुला चालेल?"

"नाही चालणार. पण तू नसलेलं मला त्याहून चालणार नाही."

मी म्हटलं, आधी डॉक्टरांचा दुसरा उपाय नेटाने करून बघू. दुपारी तिने भाताऐवजी माठाची भाजी आणि घट्ट दही वाढलं. पोट भरलं, पण जेवल्यासारखं वाटलं नाही. होईल सवय.

तुमच्यापैकी कुणी शाकाहारी राहून हा आजार निभावलाय का? काय खाता, ते जरूर सांगा. आई तयार आहे, म्हणूनच ती चूल पेटू नये असं वाटतंय.