साडूंचा साचा

माझ्या साडूंइतक्या सचोटीने घोरणारा माणूस रत्नागिरी तालुक्यात दुसरा झाला नसेल. हातातलं काम अर्धवट सोडायचं नाही हा त्यांचा बाणा, आणि घोरणंही त्यांनी त्यातून वगळलं नव्हतं. दुपारी जेवून ओटीवर आडवे झाले की अंगणातल्या कोंबड्या मागीलदारी जात. पण मध्येच आवाज थांबे आणि श्वासही थांबे. एकदा मी घड्याळ लावून पाहिलं, तर बावीस सेकंद. त्यांची बायको, म्हणजे माझी थोरली मेहुणी, तिला आम्ही ताई म्हणतो. ती शांतपणे म्हणाली, "हे काहीच नाही हो भावोजी. रात्री तिसाच्या वर जातं. मी मोजते नि मग कोपर मारते."

२००३ साली मुंबईच्या डॉक्टरांनी तपासून त्यांना दातांवर बसवायचा साचा दिला. झोपताना घातला की खालचा जबडा पुढे राहतो आणि घसा मोकळा होतो. त्याचा स्क्रू आठवड्याला पाव फेरा फिरवायचा. साडू तो दर रविवारी आंघोळ करून, पूजेच्या गांभीर्याने फिरवत. लाळ गळे, गाल ठणके, सकाळी दातावर दात बसत नसे. मऊभात चिवडत म्हणायचे, "खालचा जबडा अजून लांज्यात आहे. नऊच्या गाडीने येईल." एकदा त्यांनी तो साचा देवाच्या पितळी भांड्यांबरोबर कोकमाने घासला, आणि तो कायमचा गुलाबी झाला. माझी बायको म्हणाली, "भावोजी, लिपस्टिक शोभते हो." साडू म्हणाले, "श्वास काय रंग बघून आत जातो?" आणि तोच घालत राहिले.

घोरणं थांबलं, पण ताईला काही झोप येईना. इतकी वर्षं आवाज म्हणजे नवरा जिवंत. आता शांततेत ती उठून त्यांच्या नाकाशी बोट धरी. हे कळल्यावर साडूंनी मला साक्षीदार नेमलं. "मी दुपारी झोपतो, तुम्ही घड्याळ घेऊन बसा, आणि हिला खरं ते सांगा. तुमच्या आकड्यांवर तिचा विश्वास आहे."

चार रविवार मी त्यांच्या उशाशी बसलो. श्वास एकदाही अडला नाही. चौथ्या रविवारी ते सांगायला आत गेलो, तर निवडायच्या तांदळाचं सूप मांडीवर तसंच ठेवून ताई भिंतीला टेकून झोपली होती. मागून साडू आले. त्यांनी तोंडातला साचा काढला.

"हिला झोपलेली मी आज पहिल्यांदा बघतोय," ते हळूच म्हणाले.

चहा आमच्याकडे घ्यायचं ठरलं. चपला हातात घेऊनच आम्ही पायऱ्या उतरलो.