दहा नावांचा कागद

थर्मन ओगल्स्बीला लुइव्हिलच्या वेस्ट एंडमध्ये सगळे ओळखत ते दोन गोष्टींसाठी. एक म्हणजे त्याने सत्तावीस वर्षं शहराची बस चालवली आणि धावत येणाऱ्या माणसाच्या तोंडावर कधी दार लावलं नाही. दुसरी म्हणजे हेलला त्याच्याइतक्या शिव्या वेस्ट एंडमध्ये दुसरं कोणी घालत नसे. चर्चच्या तळघरात उभा राहून घालायचा म्हणून जरा सोवळ्यातल्या, एवढंच.

हेल म्हणजे रिव्हरमेन या आमच्या बास्केटबॉल संघाचा कारभारी. कोणाला आणायचं, कोणाला विकायचं, हे तो काचेच्या खोलीत बसून ठरवतो. मार्सेलस बूनने सोळा वर्षं हा संघ खांद्यावर वाहिला. त्याला अडतिसावं लागलं, गुडघे कुरकुरू लागले. अशा वेळी त्याच्या जोडीला दोन जाणते गडी आणायचे, तर हेलने विशीतली चार पोरं आणली आणि मार्चच्या पहिल्या आठवड्यात बूनलाच नारळ दिला. बून तेव्हा न्हाव्याच्या खुर्चीत होता. तोंडाला फेस लावलेला, आणि समोरच्या टीव्हीवर स्वतःचीच बातमी. आधी ना फोन, ना निरोप.

ईस्टरच्या आधीच्या चाळीस दिवसांतले सगळे शुक्रवार माउंट पिस्गा चर्चच्या तळघरात मासे तळले जातात. कढई थर्मनकडे. मासा मक्याच्या पिठात घोळवून त्याच्या हातात द्यायचं काम लेव्हॉन पेटीचं. पुढे टेबलाशी मिस व्हर्नीस पावाच्या दोन चकत्यांत तो गरम तुकडा ठेवणार, वर तिखट सॉस मारणार आणि गिऱ्हाइकाला दटावणार. ही वाटणी वीस वर्षांची. बूनला काढून तीन आठवडे झाले होते, तरी त्या शुक्रवारी हेलचा विषय निघाला नसता तरच नवल.

"माणूस काढायचाय? काढ बाबा," थर्मन झारा हलवत म्हणाला. "पण त्याच्या दारात जा. टोपी हातात घे आणि सांग, की बाबा रे, आता पुरे. सोळा वर्षांच्या माणसाला टीव्हीवरून कळवतात का? माझ्या बसमधून कुत्रं उतरवायचं झालं तरी मी आधी त्याच्याशी बोलत होतो!"

"उतरवायचास ना पण?" लेव्हॉन म्हणाला. "झालं तर मग. पंधराच जागा असतात संघात. म्हाताऱ्याने एक अडवली की एक पोरगा बाहेर. हेलने हिशोब केला, त्यात काय चुकलं?"

"ऐका हो, ऐका! सगळ्यात मोठा म्हातारा बोलतोय," मिस व्हर्नीस ओरडली. "लेव्हॉन, तुला कोणी काढलं असतं म्हणजे कळलं असतं."

"मला काढलं तर मी बाकावर बसून मजेत शेंगा खाईन," लेव्हॉन हसून म्हणाला, आणि पिठाचे हात त्याने थर्मनच्या पाठीला पुसले.

थर्मन हसला नाही. त्याच्या शर्टाच्या खिशात एक कागद होता.

चर्चांची एक बास्केटबॉल स्पर्धा असते, पंचावन्नच्या पुढच्यांची. प्रत्येक चर्चने दहा नावं द्यायची, अकरावं चालत नाही. माउंट पिस्गाचा कागद गेली बारा वर्षं थर्मन लिहीत आला होता, आणि शनिवारी सकाळी तो व्यायामशाळेच्या दारावर लागायचा. पहिल्या ओळीवर कायम लेव्हॉन पेटी, बाकीची नऊ नावं खाली. बारा वर्षांत माउंट पिस्गाने एकदाही करंडक आणला नव्हता. यंदा चर्चच्या डीकन प्रुइटचा जावई मेम्फिसहून राहायला आला. छप्पन्न वर्षांचा, साडेसहा फुटांच्या आसपास, आणि गुडघे शाबूत. त्याला दहात घ्यायचं तर एक नाव जाणार होतं. ते कोणाचं, हे कढईतल्या माशालाही कळलं असतं. लेव्हॉन आता मैदानाच्या या टोकाकडून त्या टोकाला जाईपर्यंत खेळ परत फिरलेला असे, आणि चेंडू हातात आला की तो अजूनही कोणाला देत नसे.

थर्मन आणि लेव्हॉन शाळेत एकाच संघात होते. पंच्याहत्तर साली त्यांनी राज्य स्पर्धा जिंकली. वर्तमानपत्रात फोटो आला तो लेव्हॉनचा. थर्मनचं काम होतं लेव्हॉनच्या वाटेत येणाऱ्याच्या आडवं उभं राहायचं. हलायचं नाही, धडक खायची, तेवढ्यात लेव्हॉन मोकळा होऊन चेंडू टाकणार. अंतिम सामन्यात त्या धडकेने थर्मनचं गळ्याजवळचं हाड मोडलं, आणि गावभर मिरवणूक निघाली तेव्हा तो इस्पितळात होता. त्याचं त्याने कधी वाईट वाटून घेतलं नाही, असं तो सांगायचा. पुढे त्याची बायको लोरेटा गेली, तेव्हा लेव्हॉन आठ दिवस त्याच्या सोफ्यावर झोपला, त्याच्यासाठी अंडी करपवली आणि ती त्याला बळेच खायला लावली.

त्या शुक्रवारी सांगायचंच, असं थर्मन घरून ठरवून निघाला होता. पहिल्या घाण्याला सांगू, मग म्हणाला दुसऱ्या घाण्याला. पण तोंड उघडलं की बाहेर हेलच येई. तासभर तो हेलला झोडपत राहिला, आणि लेव्हॉन तासभर हेलची बाजू लढवत राहिला. हळूहळू थर्मनच्या मनावरचा भार उतरत गेला. हा स्वतःच तर म्हणतोय! पंधराच जागा असतात म्हणतोय, शेंगा खाईन म्हणतोय. म्हणजे याने ओळखलंय, आणि मला अवघड होऊ नये म्हणून आडून होकार देतोय. आता वेगळं ते काय सांगायचं? माणसाला सोयीचं असलं की किती चटकन समजतं बघा. कढई उतरवताना तो चक्क शीळ घालत होता.

शनिवारी सकाळी नऊला त्याने कागद दारावर टाचला आणि आत जाऊन चेंडूंत हवा भरू लागला. साडेनऊला लेव्हॉन आला. नवे पांढरे बूट घालून आला होता. बाहेर त्याची पावलं थांबली. एक कागद, त्यावर दहा नावं, वाचायला कितीसा वेळ लागणार? पण तो बराच वेळ आत आला नाही. थर्मनच बाहेर गेला.

"काल तूच म्हणालास ना..." थर्मन म्हणाला.

"काय म्हणालो?"

"हेलचं. जागांचं. मला वाटलं, तुझ्या लक्षात आलंय."

लेव्हॉनने कागदावरची नजर काढली नाही. "मी हेलची बाजू का घेत होतो, माहीत आहे तुला?"

थर्मनने हातातला हवेचा पंप खाली ठेवला.

"मी तसं म्हटलं की तू चिडायचास. म्हाताऱ्याला असं वागवतात का, त्याच्या दारात जा, टोपी हातात घे. तीन आठवडे मी तुला मुद्दाम डिवचत होतो, थर्मन. ऐकायला बरं वाटत होतं मला."

एवढं बोलून तो पायरीवर बसला. त्याने नवे बूट काढले, नाड्या एकमेकींत बांधून ते गळ्यात अडकवले आणि मोज्यांनीच पार्किंग ओलांडून आपल्या गाडीकडे गेला. थर्मनला हाक मारायची होती. काय म्हणून मारणार? टोपी डोक्यावरच होती त्याच्या, ती काढायचंसुद्धा सुचलं नाही.

लेव्हॉन आता येत नाही, असं थर्मन आठवडाभर धरून चालला होता. आला नसता तर बरं झालं असतं. पण पुढच्या शुक्रवारी लेव्हॉन वेळेवर आला, त्याने एप्रन बांधला, पिठाची परात पुढे ओढली आणि पहिला मासा घोळवता घोळवता तळघरभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "या हेलसारखा निमकहराम माणूस मी आयुष्यात पाहिला नाही."

मिस व्हर्नीसचा हात सॉसच्या बाटलीवर थांबला. "आता तू कधीपासून बूनचा झालास?"

"विचारायचं धाडस नाही, सांगायची लाज. दारावर येऊन दोन शब्द बोलला असता तर जीभ झडली असती का त्याची? पन्नास वर्षं ज्याच्या..."

"सोळा," मिस व्हर्नीस म्हणाली. "बून सोळा वर्षं खेळला रे."

"असतील सोळा," लेव्हॉन म्हणाला, आणि मासा त्याने थर्मनच्या हातात न देता कढईच्या कडेला ठेवला.

रांगेतले लोक थर्मनकडे बघू लागले. हेलचं नाव निघालंय आणि हा गप्प कसा? थर्मनने मासा उचलून तेलात सोडला. त्याला हेलला शिव्या घालता येईनात. घातल्या असत्या तर त्या कोणाला लागल्या असत्या, हे त्या खोलीत दोघांना पक्कं माहीत होतं आणि तिसरीला नुकतं कळत होतं. आणि गप्प राहणं तर कबुली दिल्यासारखंच होतं.

"हेलचंही काही चुकलं नाही तसं," तो शेवटी म्हणाला. "दहाच जागा असतात, लेव्हॉन."

पंधरा असतात हे रांगेतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. मिस व्हर्नीसने तोंड उघडलं, थर्मनकडे पाहिलं, आणि या वेळी चूक न काढता पुढचा पाव उचलला.