धोतरातला आजा

एकदा मी माझ्याच मुलीचा आजोबा झालो होतो. तेव्हा माझं वय अडतीस. दात सगळे शाबूत, गुडघे ठीकठाक. डोक्यावरच्या केसांनी मात्र जायची जरा घाई केली होती.

गोंदियात माझं वह्या-पेन्सिलींचं दुकान होतं, आणि मुलगी मीनू गावातल्याच एका शाळेत पहिलीत होती. मोबाईलमध्ये कॅमेरा नुकताच आला होता, ते हे दिवस. एका दुपारी मीनू शाळेतून आली ती दप्तर न काढताच स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसली.

"काय झालं वो?" माझ्या बायकोनं, सुनंदानं विचारलं.

"शाळेत आजी-आजोबांचा कार्यक्रम आहे. सगळ्यांनी आपापले आणायचे."

आणायचं तरी कुणाला? माझी आई मीनूच्या जन्माआधीच गेली. सुनंदाचे आईवडील पार चंद्रपूरकडे, त्यात सासऱ्यांचा पाय नुकताच प्लास्टरमधून निघालेला. आणि माझे बाबा आदल्या दिवाळीनंतर गेले, धान घरात यायच्या आत.

मीनूचा आजा म्हणजे हे बाबा. गोंदिया जिल्ह्यातल्याच गोरेगावजवळ, आमच्या गावी राहायचे, पण आठवड्यातून एकदा एसटीनं हमखास यायचे. पांढरं धोतर, सदरा, खांद्यावर दुपट्टा. मीनू त्यांच्या धोतराचा सोगा धरून घरभर फिरायची. त्यालाच नाक पुसायची. थंडीत तोच सोगा अंगावर ओढून त्यांच्या मांडीवर झोपायची. (लहानपणी मी एकदा त्या सोग्याला हात पुसले होते, तर पाठीत धपाटा बसला होता. मुलांसाठी एक कायदा आणि नातवंडांसाठी दुसरा, हे मला बापाकडूनच कळलं.)

"शेजारच्या काकांना नेऊ," मी म्हणालो.

"ते कुठं माझे आजा आहेत?"

"मग मी येतो."

"तुम्ही तर बाबा आहात." तिनं माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. दुकानात गिऱ्हाईक स्वस्तातली वही उलटून पालटून पाहतं, तसं. "बाबा, तुम्ही आजाचं धोतर घाला ना. तुम्ही आजासारखेच दिसता. तुमच्या डोक्यावर पण केस नाहीत."

सुनंदा तोंडावर पदर धरून हसली. "घाला ना जी. पोट्टी एवढी म्हणून राहिली त."

मी हो-नाही करत राहिलो, पण कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी बाबांची लोखंडी पेटी उघडलीच. गावाहून आणल्यापासून तिला हात लावला नव्हता. झाकण उघडल्याबरोबर डांबराच्या गोळ्यांचा वास आला, आणि त्याच्या खालून तंबाखूचा. मी पेटीत तोंड घालून बसलो.

"सापडलं का?" सुनंदानं बाहेरून विचारलं.

"शोधून राहिलो," मी म्हणालो.

धोतर अगदी वरच होतं.

आता नेसायचं कसं? बाबा बोलता बोलता, अंगणात चालता चालता धोतर नेसायचे. मी ते रोज पाहिलं होतं आणि एकदाही बघितलं नव्हतं. सुनंदानं साडी समजून समोर निऱ्या घातल्या आणि मला म्हणाली, "आता कास."

"कास मागून घालतात."

"ते मलेही माहीत आहे. मागून म्हणजे कुठून?"

शेवटी तिनं साडीच्या सगळ्या पिना आणल्या आणि मला एखाद्या मंडपासारखं चारी बाजूंनी टाचून टाकलं. आत मी बर्मुडा घातला होता. आयुष्यात जे थोडे निर्णय बरोबर आले, त्यातला हा एक.

शाळा जवळच, म्हणून चालत निघालो. मोठी पावलं टाकली तर पिना टोचायच्या, म्हणून मी छोटी टाकत होतो. गल्लीतल्या एका चिमुरड्यानं आपल्या आईला विचारलं, "इनका ऑपरेशन हुआ है क्या?"

शाळेच्या मैदानात पोचलो आणि माझी पावलं आणखी छोटी झाली. गोंदियाचे झाडून सगळे आजोबा पँटीत आले होते. कुणी सफारीत, कुणी टी-शर्टात, एक जण तर पळायचे बूट घालून. धोतर नेसून आलेला आजोबा एकच होता, आणि तो आजोबा नव्हता.

पोरांनी मला घेरलं.

"अंकल, आपने साड़ी क्यों पहनी है?"

"इसमें जेब कहाँ है?"

"अंदर कुछ पहना है?"

"सूसू कैसे करते हो?"

माझ्या वतीनं सगळी उत्तरं मीनू देत होती. "साड़ी नहीं है, धोतर है. मेरे आजा का है. जेब ऊपर सदरे में है." सूसूच्या प्रश्नावर ती क्षणभर अडली आणि म्हणाली, "वो घर जाके बताऊँगी." एवढ्यात एक मुलगी मागून सोग्याखाली शिरली आणि तिथून बाहेर डोकावू लागली. तिला पाहून आणखी दोघी शिरल्या. माझ्या मागे संसार वाढत चालला होता.

मग हर्षित नावाचा एक गुबगुबीत मुलगा पुढे आला. माझं गिऱ्हाईक. खोडरबर घेताना वास घेऊन बघायचा.

"ये तो पेन्सिलवाले अंकल हैं," तो म्हणाला. "दादाजी नहीं हैं."

बाई वळून बघायला लागल्या. आजोबांनी चष्मे नीट केले. माझ्या कपाळावर घाम आला, कारण लाज माझी जाणार नव्हती, मीनूची जाणार होती. वर्गभर सांगत फिरली होती, मी आजाला आणणार म्हणून.

मीनूनं हर्षितकडे सरळ पाहिलं. "हाँ, पापा हैं. मेरे आजा मर गए. कपड़े बचे थे, तो पापा को पहना दिए."

ती हे अगदी शांतपणे बोलली. बाई पुढे आल्या आणि "बसा ना, आजोबा, बसा," म्हणून मला खुर्ची दिली. मी बसलो. एक पीन लागली. मी उठलो.

पुढे लिंबू-चमच्याची शर्यत. मी नको म्हणत होतो, पण मीनूनं माझ्या तोंडात चमचा दिला. बाकीचे सगळे साठीच्या पुढचे, म्हणजे जिंकलो असतो तरी शोभलं नसतं. पण तो प्रश्नच आला नाही. चार पावलं गेलो आणि पाठीमागे टप्प आवाज आला. मग आणखी एक टप्प. कास सुटली. तिचं टोक एका पोरानं धरलं, त्याच्या मागे दुसऱ्यानं, आणि पोरांची आगगाडी झाली. मी पुढे ओढत होतो, गाडी मागे ओढत होती. शेवटी गाडी जिंकली. बाबांचं धोतर मैदानभर लांब पसरलं, आणि मी तोंडात चमचा, चमच्यात लिंबू आणि फुलाफुलांचा बर्मुडा अशा अवस्थेत उभा राहिलो. लिंबू पडलं नव्हतं, एवढं माझ्या बाजूनं नमूद करतो. कॅमेऱ्याचे मोबाईल ज्यांच्याकडे होते त्यांनी ते त्या दिवशी वसूल केले.

तेवढ्यात सफारीतले एक उंच आजोबा आले. शांतपणे धोतर गोळा करून त्यांनी खांद्यावर टाकलं आणि माझा दंड धरला. "चाला जी, आत चाला."

ते हर्षितचे आजोबा होते. गोरेगावकडचेच शेतकरी, आता मुलाकडे राहायला आलेले. त्यांनी मला बालवाडीच्या रिकाम्या वर्गात नेलं. भिंतीवर बदकं रंगवलेली होती.

"कोण नेसवून देलन होतं?"

"बायकोनं."

"दिसूनच राहिलं. हात वर करा."

मी हात वर केले. त्यांनी धोतर झटकलं, कमरेभोवती फिरवलं आणि पोटाशी असं आवळलं की माझा श्वास वर गेला. वाकून निऱ्या केल्या. मी बदकांकडे पाहत, हात वर करून, शाळेत जायच्या पोरासारखा उभा होतो. मला एकदम नागऱ्याच्या महादेवाची जत्रा आठवली. महाशिवरात्रीची ती गर्दी. मी हरवू नये म्हणून बाबांनी सोग्याचं टोक माझ्या मनगटाला बांधलं होतं. जवळ घेणं, हात धरणं त्यांना जमायचं नाही. पण दिवसभर मी त्यांना बांधलेला होतो. देवळात, पाळण्यापाशी, जिलबीच्या दुकानात, जिथं ते गेले तिथं मी गेलो. गाठ सुटली तेव्हा मनगटावर वळ होता, आणि तो जाऊ नये असं मला वाटत होतं.

"डोळ्यात काही गेलं का?" आजोबांनी विचारलं.

"खडूची धूळ," मी म्हणालो. फळा कोरा होता.

धोतर नेसवून झालं, तरी त्यांनी काठ सोडला नाही. बोटांत धरून चोळत राहिले.

"लय धुतलं आहे. मऊ झालं. नवं धोतर असं लागत नाही."

"तुम्ही कधीपासून सोडलं?"

"मी कायले सोडतो? पोरगा म्हणते, बाबूजी, शहरात बरं नाही दिसत. नातवाचे दोस्त हासतात म्हणते." त्यांनी स्वतःची सफारी चिमटीत धरली. दुसऱ्याचा ओला कपडा धरावा, तशी. मग दाराकडे पाहिलं, बदकांकडे पाहिलं. "एक म्हणू का जी? जरासा वेळ मी नेसून पाहू?"

आम्ही धोतर-सदरा आणि सफारीची अदलाबदल केली. त्यांचं धोतर नेसणं मी बघितलं. या वेळी खरंच बघितलं. हात आपोआप फिरत होते, आणि ओठ काहीतरी पुटपुटत होते. नेसून उभे राहिले तर माणूस वीतभर उंच वाटायला लागला. त्यांच्या पँटीत माझ्यासारखे दोघं मावले असते. मी ती कमरेशी मुठीत धरली आणि दारात उभा राहिलो.

ते मैदानात उतरले. डाव्या हातानं काठ किंचित उचललेला, चाल सावकाश. हर्षित त्यांच्या बाजूनं पळत गेला, थांबला, परत आला. "दादाजी?" मग आपल्या मित्रांना म्हणाला, "मेरे दादाजी हैं. असली हैं." पोरं हसली नाहीत. एक-एक करून मागे चालायला लागली.

मला पाठमोरी ती पांढरी आकृती मैदान ओलांडताना दिसत होती. कोण आहे ते मला ठाऊक होतं. कपडे मीच काढून दिले होते. तरी वाटलं, आता हा माणूस वळेल आणि बाबा दर वेळी विचारायचे तसं विचारेल, "दुकान कोणावर टाकून आला गा?" वर्षभरात त्या प्रश्नासाठी मी किती आसुसलो होतो, ते मला त्या दारात कळलं. तो वळला नाही. मी पँट घट्ट धरून उभा राहिलो.

मीनूनं त्यांना पाहिलं. ती धावली नाही. मागून हळूच गेली आणि सोगा धरला. आजोबांनी मागे पाहिलं नाही, फक्त चाल आणखी सावकाश केली. दोघांनी अख्ख्या मैदानाला फेरी मारली. वाटेत तिनं सोग्याला नाक पुसलं. आजोबांना ते कळलं असावं, त्यांनी हातातला काठ थोडा खाली सोडला.

कार्यक्रम संपला. धोतर परत घ्यायची वेळ आली तरी मीनू सोगा सोडेना. मी समजावलं, बाईंनी समजावलं. शेवटी तिनं एका हातानं सोगा धरून ठेवला, दुसऱ्या हातानं हर्षितला बाजूला बोलावलं आणि व्यवहाराचं बोलली.

"मैं तेरे दादाजी ले जाती हूँ. तू मेरे पापा ले जा."

हर्षितनं माझ्याकडे पाहिलं. मी एका हातात पँट धरून हसण्याचा प्रयत्न केला.

"पापा तो मेरे पास हैं," तो म्हणाला.

मीनूनं विचार केला. "मम्मी भी ले ले. आलूबोंडा अच्छा बनाती है."

आता मात्र तो गंभीर झाला. त्यानं मला टकलापासून पायापर्यंत पुन्हा एकदा नीट पाहिलं, आणि म्हणाला,

"सिर्फ मम्मी दे दे."